चित्रातली बाई कोण होती

बोरीवलीच्या त्या गॅलरीत मी कामाला लागले तेव्हा मला चित्रातलं काही कळत नव्हतं, आणि हे मी कोणापासून लपवलंही नव्हतं. विद्याताईंनी मुलाखतीत विचारलं, "चित्रं बघितली आहेस का कधी?" मी म्हटलं, "कॅलेंडरवरची." त्या हसल्या. त्यांना स्पष्ट बोलणारी, मराठी-हिंदी दोन्ही येणारी आणि दिवसभर उभी राहू शकणारी मुलगी हवी होती. ती मी होते. एका ट्रस्टच्या वाचनालयाच्या वर, पहिल्या मजल्यावर, दोन मोठे हॉल आणि एक चिंचोळी खोली, एवढीच ती गॅलरी. खाली म्हातारी माणसं वर्तमानपत्रांसाठी भांडत आणि वर आमची चित्रं टांगलेली असत. विद्याताई सगळं बघायच्या. चित्रकारांना बोलावणं, चित्रं लावणं, पत्रकं छापून आणणं. माझं काम म्हणजे आलेल्या माणसांना चित्रं दाखवत फिरवणं. आम्ही त्याला 'फेरी' म्हणायचो. सकाळी शाळा, दुपारी महिला मंडळं, संध्याकाळी निवृत्त झालेले काका लोक.

सुरुवातीला विद्याताई मला प्रत्येक प्रदर्शनाआधी दोन कागद लिहून द्यायच्या. ते पाठ करून मी बोलायचे. पण पाठ केलेलं लोक ऐकत नाहीत, हे मला आठवड्याभरातच कळलं. शाळेतली मुलं एकमेकांच्या पाठीत बोटं खुपसत राहायची. मग एकदा, निळे चौकोन काढलेल्या एका चित्रापुढे उभी असताना, कागदावरचं वाक्य विसरले आणि घाबरून काहीतरी बोलून गेले. म्हटलं, ही एक मोठी इमारत आहे, रात्रीची, आणि सगळ्यांच्या घरी टीव्ही चालू आहे. मुलं एकदम पुढे सरकली. कोणी म्हणालं, "बाई, हा आमचा मजला." तेव्हापासून मी गोष्टी सांगायला लागले. ते खरं की खोटं, असा प्रश्न मला पडलाच नाही. आज वाटतं, पडायला हवा होता.

घरी आम्ही तिघंच. आई, बाबा आणि मी. बाबा गिरणीतून सुटल्यावर एका कारखान्याच्या गेटवर नोकरीला होते, आणि परळची खोली सोडून आम्ही इथे दोन खोल्यांत आलो होतो. पहाटे पाण्याचा पंप सुरू झाला की सगळी बिल्डिंग थरथरायची आणि त्याच आवाजात आईचा पाटा-वरवंटा सुरू व्हायचा. मिक्सर घरात होता, पण वाटण त्यात करायला ती तयार नसे. "त्याका चव खयची," म्हणायची. आई-बाबा मालवणी बोलायचे आणि मी शाळेतल्या मराठीत उत्तरं द्यायचे. तसंच चाललं होतं. सकाळी पेज आणि सुक्या जवळ्याची चटणी, संध्याकाळी कुळथाची पिठी, आणि मासळीच्या वारी बांगड्याचं तिखलं. त्या तिखल्याचा वास जिन्यावर तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा आणि समोरच्या गुजराती कुटुंबाचं दार मुकाट्याने बंद व्हायचं. आई फार बोलकी नव्हती. काम करताना तर मुळीच नाही. मी गॅलरीतल्या गमती सांगायचे, ती खोबरं किसता किसता ऐकायची. "तू एकदा ये ना बघायला," म्हटलं की म्हणायची, "माका काय कळतला त्यातलां?" दोन वर्षं हेच उत्तर.

त्या दोन वर्षांत मी किती प्रदर्शनं बघितली त्याची यादी आता मला देता येणार नाही. काही पूर्ण विसरले. काही मात्र डोळ्यांपुढून जात नाहीत. गोराईच्या कोळ्यांचे फोटो लावले होते तेव्हाची फेरी तर मी जन्मात विसरणार नाही. फोटो काढणाऱ्याने पत्रकात समुद्र, श्रम, प्रकाश असं बरंच लिहिलं होतं आणि मी ते सांगत होते. तेवढ्यात गोराईहूनच फेरीबोटीने दहा-बारा बायका आल्या, डोक्यात अबोलीचे गजरे घालून. मी पहिल्या फोटोपाशी तोंड उघडलं आणि त्यातली एक फोटोतल्या माणसाकडे बोट करून म्हणाली, "थांब गं पोरी, हा आमचा बावटीस." मग माझी फेरी संपलीच. हा बावटीस, आता नाही. ही त्याची सून. ही होडी विकली. हा प्रकाश नव्हे बाय, हा दुपारचा वखत, जाळी सुकत घातलीत. त्या भराभर बोलत होत्या, हसत होत्या, एकीने तर फोटोतल्या म्हाताऱ्याच्या गालावर बोट ठेवलं. फोटोतली माणसं खरीच कुठेतरी असतात, ती कोणाची तरी असतात, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण तो फोटो होता. चित्रातली माणसं वेगळी, असं मी धरून चालले होते.

त्यानंतर कारखानीस सरांचं प्रदर्शन लागलं. त्यांचं आयुष्यभराचं काम एकत्र, असं ते मोठं प्रदर्शन होतं. सर साठीपुढचे, बारीक, कानाला कमी ऐकू येणारे. उद्घाटनाला आले आणि चहा न पिताच गेले. त्यांच्या जुन्या चित्रांमध्ये एक होतं, खाली कार्डावर नाव 'प्रतीक्षा'. बुटक्या स्टुलावर बसलेली एक बाई. हिरवट लुगडं, एक हात गुडघ्यावर, पाय पुढे केलेले, आणि तोंड अर्धं वळवून ती चित्राच्या बाहेर कुठेतरी बघतेय. बाकी काही नाही. मागे तपकिरी रंग नुसता. पण माणसं त्याच्यासमोर थांबायची. मी त्या बाईची एक गोष्ट बनवली. तिचा नवरा बोटीवर नोकरीला आहे. सहा महिने पत्र नाही. पोस्टमन गल्लीच्या टोकाला दिसतो आणि वळून जातो. ती रोज अशीच बसते. बघा तिचे डोळे, किती उदास. मी हे इतकं मन लावून सांगायचे की दुपारच्या मंडळांतल्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. तीन आठवडे मी ते सांगत होते, रोज दोन-तीनदा तरी. विद्याताईसुद्धा एकदा मागे उभ्या राहून ऐकून गेल्या आणि म्हणाल्या, "झकास जमतंय तुला."

आमच्या बिल्डिंगच्या महिला मंडळाला मीच बोलावलं होतं. शेजारच्या सावंतकाकूंनी आईला ओढूनच आणलं. "लेक सगळ्या मुंबईला दाखवते आणि तू घरात बसून काय करतेस गं?" आई आली. मागेच राहिली, सगळ्यांच्या पाठीमागे, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. मला जरा चढलंच होतं. आई ऐकतेय म्हणून मी 'प्रतीक्षा'पाशी नेहमीपेक्षा जास्तच रंगले. नवऱ्याच्या पत्रात शेवटचं काय लिहिलं होतं तेही सांगितलं, जे आधी कधी सांगितलं नव्हतं. सावंतकाकू मुसमुसल्या. मी आईकडे बघितलं. ती चित्राकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. रागावलेली नाही, हसणारीही नाही. अनोळखी ठिकाणी आपल्याला कोणी नावाने हाक मारली तर माणूस कसा बघतो, तशी.

संध्याकाळी ती मोरीपाशी बांगडे साफ करत बसली होती. बाबा अजून यायचे होते. मी विचारलं, "कसं वाटलं?"

हात न थांबवता ती म्हणाली, "तां चित्र माझां आसा."

मला कळलंच नाही. "म्हणजे? तुला आवडलं?"

"माझां म्हणतंय. मी बसलेलंय ती. त्या इस्टुलावर."

मी हसले. तिने वर बघितलं, तेव्हा हसू थांबलं. मग तिने तुकड्यातुकड्यांत सांगितलं. परळला असताना बाबांची गिरणी काही महिने बंद होती. मी वर्षाची होते. दादरला एक चित्रं शिकवणारा वर्ग होता, तिथे मुलांना बघून चित्र काढायला माणूस लागायचा. गल्लीतली एक म्हातारी जायची, तिने आईला नेलं. लुगडं नेसून नुसतं बसायचं, हलायचं नाही. बाबांना तिने सांगितलं होतं की पापड लाटायला जाते. गिरणी सुरू झाली, तिने जाणं बंद केलं, आणि आजपर्यंत कोणालाही सांगितलं नाही.

"आणि गो," ती म्हणाली, बांगड्याचं पोट साफ करत, "मी उदास नाय होतंय. माझो पाय मुंगयांनी भरलेलो. कधी सुटी होता, ह्याच बघी होतंय मी."

माझ्या तोंडून एकच प्रश्न निघाला, "तू माझ्या गोष्टीच्या वेळी का नाही बोललीस?"

"तू इतक्या बरां सांगी होतंस."

मग हात धुऊन, पदराला पुसून, ती अगदी जवळ आली. "बाबांका सांगू नको."

मला त्या रात्री काय वाटलं ते नीट मांडता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. राग आला होता, पण कशाचा? तिने लपवलं याचा, की मी ओळखलं नाही याचा? तीन आठवडे मी त्या बाईच्या समोर उभी होते. तिच्या डोळ्यांबद्दल, तिच्या नवऱ्याबद्दल, शेकडो माणसांना सांगत होते. आणि ती माझी आई होती, जी रोज मला डबा भरून द्यायची. दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन मी चित्र पुन्हा बघितलं. हात आईचाच होता. बोटं जराशी आत वळलेली, करंगळी वेगळी. पाय तर नक्कीच आईचे, रुंद, अंगठा बाजूला गेलेला. पण चेहरा? चेहरा काही केल्या आईचा वाटेना. नाक लांब, हनुवटी निमुळती. मी लांबून बघितलं, जवळून बघितलं, एक डोळा मिटून बघितलं. मग शाळेची मुलं आली आणि मी 'प्रतीक्षा' गाळून पुढच्या चित्रावर गेले. एका मुलीने विचारलं, "बाई, ही राहिली ना?" मी म्हटलं, "वेळ कमी आहे."

असं आठवडाभर चाललं. विद्याताईंनी हटकलं, "अगं, लोक त्या चित्रासाठी येतात. काय झालं तुला?" मी म्हटलं, घसा बसलाय. आणि तेवढ्यात घरी नवंच सुरू झालं. सावंतकाकांनी बाबांना सांगितलं की आमच्या बायका रडून आल्या, तुम्हीही जाऊन या. बाबांनी रविवारी यायचं ठरवलं. आईने पोळ्या लाटता लाटता माझ्याकडे बघितलं. रात्री बाबा झोपल्यावर कानाशी येऊन म्हणाली, "तां चित्र काढून ठेवूक येयत नाय?" मी म्हटलं, "ते माझ्या बापाचं आहे का काढून ठेवायला?"

बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. मी त्यांना घाईघाईने फिरवत होते, पण 'प्रतीक्षा'पाशी ते स्वतःहून थांबले. हात पाठीमागे बांधून बराच वेळ उभे राहिले. मी मनात वाक्यं जुळवत होते, काय म्हणायचं, कसं म्हणायचं. शेवटी ते म्हणाले, "ही बाय बरी काढल्यान. कोकणातली वाटता." आणि पुढच्या चित्राकडे वळले.

मी सुटले. घरी धावत जाऊन आईला कधी सांगते असं झालं. आईनेच आधी विचारलं, वाढता वाढता, अगदी सहज, "काय बघलास मगे?" बाबा म्हणाले, "होती कसली कसली चित्रां. एक बाय तेवढी बरी होती." आईने त्यांच्या ताटात भात वाढला. मग म्हणाली, "बरी म्हणजे कशी?" बाबा म्हणाले, "बरी म्हणजे बरी. आमटी दी." मला वाटलं आता हिचा जीव भांड्यात पडला. पण आईने आमटीचं पातेलं असं काही खाली ठेवलं की आमटी उडाली. आणि पुढचे दोन दिवस ती बाबांशी बोलली नाही. बाबा मला विचारत राहिले, "आवशीक काय झालां गो?" मी काय सांगणार? त्यांनी ओळखू नये म्हणून तिने देव पाण्यात ठेवले होते, आणि त्यांनी ओळखलं नाही म्हणून ती रुसली होती. त्या वयात मला ते अजिबात समजलं नव्हतं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आता थोडंफार समजतं, तेही रोज नाही.

प्रदर्शन संपायला दोन दिवस होते तेव्हा कारखानीस सर आले. दुपारची वेळ, हॉल रिकामा. ते एकेका चित्रापुढे थांबून पुढे जात होते. 'प्रतीक्षा'पाशी आले तेव्हा मी धीर करून जवळ गेले आणि त्यांच्या कानाशी मोठ्याने विचारलं, "सर, ही बाई कोण?"

"कोण नाही," ते म्हणाले. "दोन बायका आहेत या. बसणं, हात, पाय एकीचे. मी दादरला वर्ग घ्यायचो, तिथे येऊन बसायची. गिरणीतल्या कुणाची तरी बायको. फार स्थिर बसायची. तशी स्थिर बसणारी पुन्हा मिळाली नाही."

"नाव काय तिचं?"

त्यांनी आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, डोळे मिटून. "नाही लक्षात. विचारलं होतं की नाही तेही आठवत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "चेहरा माझ्या बहिणीचा. ती त्या साली गेली. तिचा फोटो नव्हता आमच्याकडे."

"आणि 'प्रतीक्षा'?"

"ते नाव विद्याने दिलंय. मी नाव दिलंच नव्हतं."

त्यांना सांगावं असं ओठांवर आलं होतं. ती बाई माझी आई आहे, इथून दहा मिनिटांवर राहते, तिचं नाव शालिनी. पण 'बाबांका सांगू नको' यात सगळं जग येतं की फक्त बाबा येतात, ते मला ठरवता आलं नाही. आणि त्यांच्या बहिणीबद्दल ऐकल्यावर मधेच आपल्या आईचं काय काढायचं, असंही वाटलं. ते खाली गेले. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. एकदा हाक मारली, पण त्यांना ऐकू आलं नाही. आजही मला वाटतं की मी ती हाक मुद्दाम हळू मारली.

शेवटच्या दिवशी आई आली, एकटीच. तिची ठेवणीतली जांभळी साडी नेसून, दुपारी, बाबा कामावर असताना. मला काही न विचारता सरळ 'प्रतीक्षा'समोर जाऊन उभी राहिली. मी तिच्या शेजारी गेले. मला सरांचं बोलणं तिला सांगायचं होतं. रात्रभर मी तेच घोळवत होते, सांगावं की न सांगावं. तिचे हातपाय, दुसरीचा चेहरा. सांगितलं तर तिच्याकडे काय उरतं? नाही सांगितलं तर मी पुन्हा एक गोष्टच रचतेय.

"चेरो बरो काढल्यान, नाय?" ती म्हणाली. "माझां नाक असां होतां तेव्हा?"

मी त्या लांब नाकाकडे बघितलं, तिच्या नाकाकडे बघितलं. "हो," म्हटलं.

मग तिने विचारलं, "आता ह्यां खय जातला?"

"अहमदाबादच्या एका कुटुंबाने घेतलंय."

"अरे वा. म्हणजे मी आता अमदावादेक." ती हसली, तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. मी तिला इतकं हसताना क्वचितच बघितलं होतं. मलाही हसू आलं.

"तू लोकांका सांगतंस, तसां माका सांग बघू," ती म्हणाली.

मी बोलायला सुरुवात केली. नवरा, बोट, पत्र यातलं काहीच मला उच्चारता येईना. म्हणून जे दिसत होतं तेच सांगत गेले. ही एक बाई आहे. ही स्टुलावर बसली आहे. हिचा हात गुडघ्यावर आहे. डावीकडून उजेड येतोय, तिथे खिडकी असावी.

"खिडकी नाय," आई म्हणाली. "दार होतां. उघडां ठेवीत."

"बरं. दार. आणि ती त्या दाराकडे बघतेय."

"दाराकडे कित्याक बघतलंय?" तिने पुढे होऊन चौकटीच्या बाहेर, उघड्या पांढऱ्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीवर बोट टेकवलं. "हय टेबल होतां. टेबलाखाली तू. खडू खाय होतंस. मी ओरडूक शकत नाय होतंय ना, हलायचां नाय म्हणून. नुसतीच बघी होतंय."

मी त्या भिंतीकडे बघत राहिले. तिथे चुन्याचा पांढरा रंग होता आणि काही नव्हतं. चेहरा दुसरीचा होता, नाव विद्याताईंचं, गोष्ट माझी, आणि नजर मात्र माझ्यावर होती. की तीही सरांच्या बहिणीची होती? मला काहीच नक्की सांगता येईना, तेव्हा नाही आणि आता हे लिहितानाही नाही.

जिन्यावर चपलांचे आवाज झाले. पाच-सहा जण वर आले, कोणी म्हणालं, "ताई, उशीर नाही ना झाला? शेवटची फेरी आहे ना?" आई भिंतीवरचं बोट काढून मागे सरकली आणि त्या माणसांमध्ये जाऊन, पदर नीट करून, ऐकायला उभी राहिली.